कवडसा धरून ठेवण्याची खटपट

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडी अद्याप औरंगाबाद हेच नाव बसलेले आहे त्या शहराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर वऱ्हाड संपता संपता धाड हे गाव लागते. या गावातील पत्र्याच्या घरात उन्हाळ्याच्या भर दुपारी कवाड लोटून, झोप येत नाही म्हणून आढ्याकडे पाहत पडलेल्या कोणत्याही पोराने पाहिलेली एक गोष्ट या लेखाच्या आरंभी मांडावयाची आहे. खिळा निसटून पत्र्याला पडलेले भोक कधी चौकोनी असते, कधी वेडेवाकडे फाटलेले असते. परंतु त्यातून आत शिरून सारवलेल्या भुईवर पडणारा कवडसा मात्र वाटोळाच असतो, ऊन तिरपे असेल तर फार तर लांबट वाटोळा. भोकाचा आकार कोठे गेला, हा प्रश्न त्या पोराला पडतो किंवा पडत नाही. पण ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या प्रश्नसंग्रहात तो स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास पुढे हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

उत्तर असे की, तो कवडसा भोकाचा नसून सूर्याचा असतो. प्रकाश सरळ रेषेत चालतो. सूर्याच्या वरच्या कडेकडून आलेला किरण भोकातून जाऊन खाली पडतो, खालच्या कडेचा वर पडतो, डावीकडचा उजवीकडे जातो, आणि भुईवर सूर्याचे उलटे, लहानसे चित्र उमटते. सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट असल्यामुळे भोकापासून नऊ फुटांवर, म्हणजे १०८ इंचांवर, हे चित्र सुमारे एक इंच रुंदीचे पडते. ज्यास शंका असेल त्याने फूटपट्टी घेऊन पडताळा पाहावा. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, सकाळी सूर्यग्रहण लागले तेव्हा ग्रहण पाहू नये म्हणून मोठ्या माणसांनी आम्हांस घरात कोंडले होते खरे, पण अंगणातील लिंबाखाली पडलेल्या शेकडो कवडशांच्या चंद्रकोरी झालेल्या दारातून दिसत होत्या, आणि ज्या सूर्याकडे पाहण्याची मनाई होती तोच पायांशी शेकडो तुकड्यांनी लोळत होता. झाडाच्या पानांतून किंवा चाळणीतून पडणाऱ्या या कोरींचा प्रश्नही त्या ग्रीक संग्रहात आहे.

या चमत्काराचा इतिहास एका देशाच्या नावावर चढविता येत नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकांत चीनमधील मो-त्झू आणि त्याचे शिष्य यांनी बारीक छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमेचे उलटेपण ध्यानात घेऊन त्याचे कारणही दिले होते. परंतु या विषयाची खरी पायाभरणी केली ती बसरा येथे जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य घालविलेल्या इब्न अल-हैथम या गणितज्ञाने, अकराव्या शतकाच्या आरंभी. त्याचा एक प्रयोग इतका साधा आहे की तो आजही शाळेच्या वर्गात करावा: अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला एक छिद्र, बाहेर ओळीने मांडलेले दिवे, आणि आत समोरच्या भिंतीवर तितकेच प्रकाशाचे ठिपके, एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका मावळतो, आणि बाकीच्यांस धक्का लागत नाही. म्हणजे एकाच अरुंद दारातून सर्व किरणे एकदम आत आली तरी कोणी कोणात मिसळत नाही, प्रत्येक जण आपापली वाट धरून जातो. ग्रहणाच्या कोरीचा आकार छिद्र मोठे होताच का बिघडतो, यावर त्याने स्वतंत्र प्रबंध लिहिला. एवढा सूक्ष्म बुद्धीचा हा पुरुष डोळ्याच्या रचनेचा विचार करताना मात्र डोळ्यात पडणारे चित्र उलटे असेल हे मान्य करू शकला नाही. तो धीटपणा केप्लरने १६०४ साली दाखविला.

आपल्या देशात या विद्येचा उपपत्तीपेक्षा उपयोगच अधिक डोळ्यांत भरतो. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या दालनाच्या भिंतीवर गोपुराची उलटी छाया पडते, आणि यात्रेकरू तीस देवाची करणी समजून हात जोडतात. जयपूरच्या वेधशाळेत सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविलेले षष्ठांश यंत्र तर उघडउघड एक काळोखी कोठीच आहे: वर बारीक छिद्र, आत वर्तुळाच्या सहाव्या हिश्शाएवढी, अंश-कलांच्या रेघा कोरलेली कमान, आणि माध्यान्ही त्या रेघांवरून सरकत जाणारे सूर्याचे बिंब. पत्र्याच्या भोकातून भुईवर पडणारा कवडसा तेथे राजाच्या चाकरीत रुजू होऊन सूर्याच्या क्रांतीचा हिशेब देत होता.

युरोपात या कोठीस लॅटिन भाषेतील ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ हे नाव मिळाले, आणि ते रूढ करण्याचा मान बहुधा केप्लरकडेच जातो. त्याचा अर्थ अंधारी खोली, याहून अधिक काही नाही. कोर्टात एखादी सुनावणी ‘इन कॅमेरा’ झाली असे वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा तेथे फोटो काढले जात असावेत अशी समजूत करून घेणारे सुशिक्षित गृहस्थ मला भेटलेले आहेत. वस्तुतः तेथेही बंद खोली एवढाच अर्थ असतो. हिंदीतला ‘कमरा’ हा शब्दही पोर्तुगिजांच्या मार्फत त्याच मुळापासून आलेला आहे. तेव्हा आपण गळ्यात अडकवून हिंडतो ती वस्तू म्हणजे मुळात एक खोली, इतके ध्यानात ठेवले की पुढील सर्व इतिहास हा ती खोली आकुंचन पावत जाण्याचा इतिहास आहे हे दिसू लागते.

खोली लहान होण्याआधी तिच्या भोकात भिंग आले. लहान छिद्राने चित्र रेखीव पण मंद पडते, मोठ्याने उजळ पण पुसट. या पेचातून सुटका करणारे बहिर्गोल भिंग आणि त्यापुढे प्रकाश आवरणारी चकती यांची जोडी व्हेनिसच्या डॅनियेले बार्बारोने १५६८ च्या सुमारास वर्णिली. नेपल्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता देल्ला पोर्ताने आपल्या जादूच्या पुस्तकातून या करमणुकीची इतकी जाहिरात केली की पुष्कळ काळ तिचा जनक म्हणून त्याचेच नाव घेतले जाई, जे सरासर चुकीचे आहे. केप्लर स्वतः एक काळा तंबू बाळगीत असे; पवनचक्कीसारख्या चोहीकडे फिरणाऱ्या त्या तंबूत बसून भोवतालचा मुलूख कागदावर उतरवून घेता येत असे. आणि १६८५ साली योहान झान या जर्मन पाद्र्याने हातात मावेल एवढ्या लाकडी पेटीचे जे आराखडे छापले, त्यांत भिंग आहे, ते मागेपुढे करण्याची नळी आहे, आत तिरका आरसा आहे आणि वर काच आहे. ते पाहून कोणासही वाटेल की हा तर कॅमेराच.

वाटते ते खरेही आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे की पेटी तयार होऊन दीडशे वर्षे लोटली तरी कॅमेरा निर्माण झाला नाही. कचेरी उभी राहिली, दारावर शिपाई बसला, अर्जदारांची रीघ लागली. केवळ दप्तरात नोंद करून ठेवणारा कारकून तेवढा नेमला गेला नाही, तेव्हा आलेला प्रत्येक अर्ज सायंकाळ होताच वाऱ्यावर उडून जात होता. काळोखी कोठी चित्र दाखवीत होती, अत्यंत निष्ठेने, रंगांसकट, हलत्या पानांसकट दाखवीत होती. ठेवीत मात्र काहीच नव्हती.

तोवर कारकुनाचे काम माणसाचा हात करी. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे इंग्रज चितारी १७८६ साली कलकत्त्यास उतरले आणि सात वर्षे हिंदुस्थानभर फिरले, त्यांच्या सामानात ही पेटी होती. काचेवर पडलेल्या चित्राच्या रेषा पेन्सिलीने गिरवून ते मंदिरे-मशिदींची प्रमाणबद्ध रेखाटने करीत. मुंबईत त्यांची गाठ पडली ती जेम्स वेल्सशी, जो त्या वेळी पेशव्यांच्या पुण्यात तसबिरी काढीत होता. पुण्यातच इंग्रजांचा वकील मॅलेट याच्या पदरी गंगाराम तांबट हा मराठी चितारी होता आणि वेरूळच्या लेण्यांची चित्रे त्याच्याही हातून झाली. वेल्स १७९५ साली वारला. त्याने काढलेली वेरूळची रेखाटने टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये छापून प्रसिद्ध केली. अजिंठा त्या वेळी युरोपीय जगास ठाऊकच नव्हता. जॉन स्मिथ नावाच्या फौजी अधिकाऱ्याने तेथे पाऊल टाकले ते २८ एप्रिल १८१९ रोजी.

दप्तरास कारकून मिळाला तो अगदी भलत्या खात्यातून, रसायनशाळेतून. चांदीचे क्षार उघड्यावर काळे पडतात ही गोष्ट किमयागारांस माहीत होती, पण ते उष्णतेने की प्रकाशाने, हा निवाडा १७१७ च्या सुमारास योहान हाइनरिख शुल्झे या जर्मन वैद्यकाच्या प्राध्यापकाने केला: चांदी मिसळलेल्या खडूच्या लगद्याने भरलेल्या बाटलीभोवती त्याने अक्षरे कापलेला कागद गुंडाळला, आणि उन्हाने आतल्या लगद्यावर ती अक्षरे लिहिली. बाटली हलविताच अक्षरे पुसली गेली. १८०२ साली टॉमस वेजवुड आणि हंफ्री डेव्ही यांनी कागदावर व पांढऱ्या चामड्यावर पानांच्या, पंखांच्या छाया उमटविल्या, परंतु त्या मेणबत्तीच्या मंद उजेडात चोरून पाहाव्या लागत, कारण दिवसाच्या उजेडात नेताच उरलेला भागही काळा होऊन सर्व चित्र एकरंगी काळोखात बुडून जाई. ज्या प्रकाशाने चित्र काढले तोच ते गिळून टाकी.

या अडचणीतून निसेफोर न्येप्स या फ्रेंच गृहस्थाने चांदीची वाट टाळून मार्ग काढला. एका जातीचे डांबर उजेडाने कडक होते. त्याचा थर दिलेले कथिलाच्या मिश्रधातूचे पान त्याने १८२६-२७ च्या सुमारास पेटीत घालून आपल्या माडीच्या खिडकीत ठेवले, नंतर लव्हेंडरच्या तेलाने न कडकलेला भाग धुऊन काढला, आणि जे उरले ते आज उपलब्ध असलेले कॅमेऱ्याचे सर्वांत जुने चित्र होय. ते घेण्यास निदान आठ तास लागले, काहींच्या मते कित्येक दिवस. म्हणून त्यात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेले दिसते, पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचेही. त्याचा भागीदार लुई दागेर हा नाटकांचे पडदे रंगविणारा, धंद्याने आणि वृत्तीने तमासगीर. न्येप्स १८३३ साली निवर्तल्यावर त्याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यास आयोडीनची धुरी, मग पेटीत काही मिनिटे प्रकाश, मग पाऱ्याची वाफ, अशी रीत बसविली. तिची वार्ता ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जाहीर झाली आणि १९ ऑगस्टला कृती उघड करण्यात आली. फ्रेंच सरकारने दागेरला सालिना ६,००० आणि न्येप्सच्या मुलास ४,००० फ्रँक तनखा बांधून देऊन ती जगास अर्पण केली. दागेरने मात्र कृती उघड होण्याच्या पाचच दिवस आधी इंग्लंडात तिचे पेटंट घेऊन ठेवले होते, तेव्हा या दानात एक देश सोयिस्करपणे वगळला गेला.

इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याची खटपट निराळीच चालली होती. १८३३ साली इटलीतील कोमो सरोवराच्या काठी त्याने चित्र काढावयास घेतले, ते साधेना. हात इतका कच्चा की चित्र गिरविण्याच्या उपकरणाचाही उपयोग होईना, आणि त्या वैतागातून त्याच्या मनात आले की हे चित्र कागदावर आपले आपण उमटले तर. ऑगस्ट १८३५ मध्ये त्याने आपल्या वाड्याच्या जाळीदार खिडकीचे इंचभर आकाराचे चित्र मिळविले. ज्या लहान लाकडी पेट्यांतून तो हे करी त्यांस त्याची बायको उंदरांचे सापळे म्हणे. त्याच्या चित्रात पांढरे ते काळे आणि काळे ते पांढरे उमटे, हा दोष वाटत होता तोच गुण ठरला. कारण त्या उलट्या चित्रावरून कागदावर हव्या तितक्या सुलट्या प्रती निघत, आणि दागेरच्या पत्र्याची मात्र एकही नक्कल होत नसे. या सर्वांत मला अधिक श्रेय द्यावेसे वाटते ते जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञास, ज्याचे नाव सामान्य वाचक क्वचितच ऐकतो. फोटोग्राफरांच्या बोलीत ज्यास हायपो म्हणतात ते द्रव्य चांदीचे न पालटलेले क्षार विरघळवून टाकते हे त्याने १८१९ मध्येच, दुसऱ्याच कामात, शोधून ठेवले होते. वीस वर्षांनी पॅरिसची बातमी कानी पडताच त्याला त्याचा उपयोग सुचला आणि त्याने तो टॅलबटला सांगूनही टाकला. कवडसा धरला अनेकांनी. त्यास कुलूप हर्शेलने लावले.

बातमी हिंदुस्थानात त्याच वर्षअखेर पोचली, आणि १८४० च्या आरंभी कलकत्त्याच्या दुकानात दागेरची यंत्रे विक्रीस आली. मुंबईत ३ ऑक्टोबर १८५४ रोजी फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तीत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते, आणि नारायण दाजींची छायाचित्रे सोसायटीच्या प्रदर्शनांत लागत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्गच निघाला, ज्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. दागेरच्या शोधानंतर अवघ्या सोळा वर्षांत मराठी मुलखातील तरुण ही कला शाळेत शिकत होते, हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण विलायतेत लागलेला शोध आपल्याकडे शंभर वर्षांनी येतो असे धरून चालण्याची आपल्याला सवय लागली आहे.

आता धाडकडे परत येऊ. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, परंतु अजिंठा निजामाच्याच मुलखात राहिला. म्हणजे धाडच्या बाजूस एक सरकार आणि अजिंठ्याच्या बाजूस दुसरे. त्या अजिंठ्यात, मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल हा अधिकारी कंपनीच्या नेमणुकीने राहत होता. वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने लेण्यांतील चित्रे नष्ट होत असल्याची ओरड केल्यावरून कंपनीने १८४४ साली हे काम गिलवर सोपविले, आणि तो अजिंठ्यात जो गेला तो उरलेले आयुष्य याच मुलखात राहिला. गुहेतील चित्रे कॅनव्हासवर तैलरंगांत मूळ आकारात उतरवून लंडनला पाठवावयाची, हा त्यास मिळालेला हुकूम. वाघांची शिकार हा त्याचा विरंगुळा. अजिंठा गावातील पारो नावाची स्त्री त्याची सोबतीण, जी २३ मे १८५६ रोजी वारली आणि जिची कबर त्याने तेथेच बांधविली. याच सुमारास त्याने हातात कॅमेरा घेतला.

त्या कॅमेऱ्याने काम करणे म्हणजे काय हे समजल्याखेरीज गिलची योग्यता कळावयाची नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची रीत तेव्हा सर्वत्र चालू होती. आर्चरने तिचे पेटंट घेतले नाही आणि १८५७ साली तो दारिद्र्यात मेला. बंदुकीचा कापूस ईथर व मद्यार्कात विरघळवून केलेला चिकट कलोडियन काचेवर सारखा पसरावयाचा, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात चढवावयाची, चित्र घ्यावयाचे, आणि ती सुकण्याच्या आत पुन्हा अंधारात नेऊन चित्र वर आणावयाचे, पक्के करावयाचे, धुवावयाचे. या सर्वांस थंड देशातही दहा-पंधरा मिनिटांची मुदत. अजिंठ्याच्या डोंगरात एप्रिल महिन्यात ईथर हातातल्या हातात उडून जात असेल तेव्हा ही मुदत किती उरत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. म्हणजे फोटोग्राफरास दोन काळोख्या कोठ्या बरोबर न्याव्या लागत, एक चित्र घेण्यास आणि दुसरी तंबूची, ते धुण्यास. शिवाय काचा, बाटल्या, पाण्याची भांडी आणि ती वाहणारी माणसे व जनावरे.

आणि चित्र घ्यावयाचे कशाचे, तर तिसऱ्या काळोख्या कोठीचे. अजिंठ्याचा विहार म्हणजे डोंगरात खोदलेली, एका अंगाने दार असलेली प्रचंड अंधारी खोली. मंद उजेडात चित्र उमटण्यास वेळ हवा, आणि काच सुकत असल्यामुळे वेळ तर मुळीच नाही. आरशांनी ऊन आत परावर्तित करावे हा तोडगा सुचण्यासारखा आहे, आणि मूळ चितारीही असेच ऊन आत घेऊन काम करीत असावेत असा तर्क पुष्कळांनी केला आहे. परंतु उजेडाची सोय केली तरी आणखी एक अडसर होता, जो दूर करणे गिलच्या हाती नव्हते. कलोडियनमधील चांदीस निळा-जांभळा प्रकाश तेवढा दिसतो. तांबडा आणि पिवळा तिच्या लेखी काळोखच. आता अजिंठ्याचे रंग पाहा: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी आणि अफगाणिस्तानातून आणलेला निळा लाजवर्द. पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीची उष्ण, गेरूच्या छटांची अंगकांती त्या काचेवरून काढलेल्या छायाचित्रात काळी पडणार, आणि लाजवर्दाचा गडद निळा पांढराफटक होणार. ज्या चित्रांसाठी या माणसास डोंगरात तैनात केले होते त्यांच्या बाबतीत नवे यंत्र रंगांधळे होते, आणि कुंचला खाली ठेवणे त्यास परवडणारे नव्हते.

म्हणून गिलच्या कॅमेऱ्याने घेतले ते दगडाचे: लेण्यांचे दर्शनी भाग, खांब, कमानी, मूर्ती. शेजारच्या वऱ्हाडात, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या देवळांचीही छायाचित्रे त्याने घेतली. दोन भिंगांनी दोन डोळ्यांसाठी जुळी चित्रे घेऊन ती दुर्बिणीसारख्या पेटीतून पाहिली की दगड भरीव दिसतो, अशा जुळ्या छायाचित्रांचा त्यास विशेष नाद होता. १८६४ साली लंडनमध्ये फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे आणि दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व निसर्ग यांची १०० जुळी चित्रे. छापखान्यात फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हती. प्रत्येक प्रतीतील प्रत्येक चित्र उन्हात काढून हाताने चिकटविलेले होते. दोन वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे मांडलेली गिलची बहुतेक तैलचित्रे, म्हणजे त्याच्या हातचे सुमारे वीस वर्षांचे काम, त्या आगीत जळून गेली. मोजकी चार-पाच वाचली. गिल पुन्हा कामास लागला, आणि १८७९ मध्ये मरण पावला. त्याची कबर भुसावळला आहे.

पुढचा पल्ला थोडक्यात सांगता येतो. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनची कोरडी काच सुचविली आणि तंबूचे बिऱ्हाड सुटले. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन या अमेरिकन कारखानदाराने १०० चित्रांची गुंडाळी भरलेली पेटी बाजारात आणली. परंतु अजिंठ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष आहे १८७३, ज्या वर्षी बर्लिनमध्ये हेरमान फोगेल यास आढळले की चांदीच्या थरात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली असता तिला हिरवा-पिवळा प्रकाशही दिसू लागतो. तांबडा दिसावयास विसावे शतक उजाडावे लागले. तोपर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा जॉन ग्रिफिथ्स याने आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा हातानेच नकला केल्या, आणि त्यांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच, दुसऱ्या आगीत, जळाल्या. अजिंठ्याची रंगीत छायाचित्रे घेऊन त्यांचे मोठे ग्रंथ काढण्याचे काम निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० पासून केले. म्हणजे गिल डोंगरात आल्यापासून कॅमेऱ्यास पद्मपाणी त्याच्या रंगांत दिसावयास पाऊणशेहून अधिक वर्षे गेली. फोटोग्राफी १८३९ मध्ये जन्मली असे आपण म्हणतो. ती पूर्ण डोळस पुष्कळ उशिरा झाली, हे सहसा कोणी सांगत नाही.

काळोख्या कोठीचा शेवटचा वंशज मात्र विलायतेत नव्हे, आपल्या तहसील कचेऱ्यांच्या आवारात पुष्कळांनी पाहिलेला असेल. तिकाटण्यावर ठेवलेली लाकडी पेटी, तिच्या मागे काळ्या कापडाची बाही, शेजारी पाण्याची बादली. दाखल्यास किंवा अर्जास फोटो हवा असलेला शेतकरी स्टुलावर ताठ बसे, फोटोग्राफर भिंगावरचे झाकण काढून मनात आकडे मोजी, आणि मग बाहीतून हात आत घालून, न पाहता, चाचपून, पेटीच्या पोटातच कागद धुऊन काढी. प्रथम उलटे, काळ्याचे पांढरे झालेले चित्र निघे; ते पेटीसमोर फळीला लावून त्याचा पुन्हा फोटो काढी, म्हणजे सुलटे होई. टॅलबटची सगळी विद्या आणि गिलच्या दोन्ही कोठ्या त्या एका पेटीत सामावलेल्या होत्या, आणि मोबाईलचा फोटो येईपर्यंत हे काम अनेक ठिकाणी चालले.

धाड, चिखली, बुलढाणा, भोकरदन या टापूतील पुष्कळ घरांत लोखंडी पेट्यांतून असे फोटो आजही आहेत: कचेरीतल्या पेटीने घेतलेले, सैलानीच्या यात्रेत रंगविलेल्या पडद्यापुढे घेतलेले, लग्नात घेतलेले, कडा पिवळ्या पडलेले. फोटोतील आजीचे नाव घरातल्या एकाच म्हाताऱ्या माणसास ठाऊक असते, आणि ते माणूस गेले की तो फोटो कोणाचा हे कोणीच सांगू शकत नाही. ज्यांच्याकडे असे फोटो असतील त्यांनी ते दिवाळीच्या झाडलोटीत काढून, कोरड्या फडक्याने हलके पुसून, मागे शाईने न लिहिता पेन्सिलीने नाव, गाव आणि अंदाजे का होईना, साल लिहून ठेवावे. आणि एखादा भिंतीवर लावावयाचा झाल्यास जेथे दुपारी कवडसा पडतो तेथे तो टांगू नये.